मुकादमाचं जाकीट आणि वरची कडी

सोमवार, ३ तारीख

नातीने ही वही दिली. तिची जुनी शाळेची वही, पुढची बारा पानं गणितात गेलेली, बाकी कोरी. म्हणाली, "आजी, डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलंय, मुकादमाचं रोज काय होतं ते कुणीतरी लिहून ठेवा. तू लिही." मी म्हटलं, अगं, मी चौथी पास, तीसुद्धा मास्तर मायाळू होते म्हणून. जन्मभर लिहिलं ते छाती छत्तीस, कंबर तीस. तर म्हणते, "मग तसंच लिही, फक्त मधे मधे वाक्यं घाल." तोंडाने आईवर गेली आहे. आई कुणावर गेली ते जावई मला अधूनमधून सांगतात.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. नाव जावयांनी ठेवलं. घरात कुणी काम करायला लागलं की हा समोर येऊन बसतो आणि बघतो. फरशी पुसा, बघतो. कपडे वाळत घाला, बघतो. स्वतः इकडची काडी तिकडे करत नाही. मी शिवायला बसले की मशीनच्या पायडलला पाठ लावून बसतो, म्हणजे माझ्यावर जरा जास्तच लक्ष.

आता मुद्द्याचं. या महिन्याच्या बावीस तारखेला, शनिवारी, नव्या पुलाचं उद्घाटन आहे. संध्याकाळी सात वाजता नदीकाठी फटाके, पाऊण तास. नदी आमच्या गॅलरीतून दिसते. आणि मागच्या वर्षी समोरच्या मैदानावर कुणी सामना जिंकला म्हणून फटाके उडवले, तेव्हा मुकादम घाबरून पळून गेला होता. दोन दिवस सापडला नाही. लेक रडून रडून बेजार, जावई रस्त्यारस्त्याने हाका मारत फिरले, आणि "मुकादम, ए मुकादम" ऐकून बांधकामावरचा खरा मुकादम धावत आला. शेवटी दोऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर सापडला. पंजाला काच लागलेली. सात टाके. टाके मी बघितले, फार विरळ होते.

तेव्हा लेक म्हणाली होती, "पुन्हा असं झालं तर मी त्याला नणंदेकडे पाठवणार. तिथे गावाबाहेर शांतता तरी आहे." काल पुलाची बातमी आली आणि तिने ते पुन्हा म्हटलं. तिची नणंद कुत्री अंगणात साखळीला बांधते. मुकादमाला साखळी कशाशी खातात तेही माहीत नाही.

दार कसं उघडं राहिलं होतं ते कुणालाच माहीत नाही. वाऱ्याने कडी पडली असेल. कडी वरच्या अंगाला आहे, मलासुद्धा टाचा उचलाव्या लागतात.

बुधवार, ५ तारीख

आज डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तरुण आहे, हाताला पांढरे ओरखडे, मांजरांचे असणार. तिने नीट समजावलं. फोनवर फटाक्यांचा आवाज लावायचा, अगदी बारीक, आणि आवाज चालू असेपर्यंत कुत्र्याला बिस्किटाचे तुकडे देत राहायचं. रोज आवाज थोडासा वाढवायचा. कुत्रा घाबरला तर पुन्हा कमी करायचा. त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे की धडाम झालं की खाऊ मिळतो. शिवाय अंगाला घट्ट बसणारं जाकीट घालायचं, बाळाला दुपट्यात गुंडाळतो तसं. त्या दिवशी दुपारी भरपूर फिरवून आणायचं, पडदे ओढायचे आणि त्याची आवडती जागा त्याला मोकळी ठेवायची.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजी," ती म्हणाली, "तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही दचकलात की तो दचकणार."

मी म्हटलं, "मी लेकीला सांगते हं."

"लेकीला पण सांगा," ती म्हणाली.

जाकीट दुकानातून आणू असं जावई म्हणाले. दुकानातून! घरात सेहेचाळीस वर्षं शिवणारी बाई बसली आहे आणि कुत्र्याला तयार कपडे? मी गळ्यात टेप घातला.

शुक्रवार, ७ तारीख

मापं. छाती सव्वीस. गळा सतरा. पाठ बावीस. पोट विचारू नका. माप घेताना मुकादम पोट आत ओढतो, अगदी जावयांसारखा.

आज आवाजाचा पहिला दिवस. नातीने फोन टेबलावर ठेवला. फुसफुस, टप, टप. इतका बारीक की पलीकडच्या खोलीत कुणी शेंगा सोलतंय असं वाटावं. मुकादमाने कान उभे केले. मी तुकडा दिला. त्याने कान पाडले. पुन्हा टप, पुन्हा तुकडा. दहा मिनिटं झाली आणि संपलं. त्याला काही म्हणजे काही झालं नाही.

मलाही काही झालं नाही. मधेच हात जरा थरथरला तो त्याच्या थरथरीमुळे, तो मला टेकून बसतो ना. नात म्हणाली तो थरथरत नव्हता. तिला कुठून दिसणार? सगळा वेळ ती माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, "अगं, कुत्र्याकडे बघ."

सोमवार, १० तारीख

आवाज वाढवला. मोठा बार झाला तेव्हा बिस्किटांचा डबा माझ्या हातातून पडला. हात ओले होते. मुकादमाने एका दमात अकरा बिस्किटं खाल्ली आणि वर बघितलं, आता पुढचा बार कधी, असं.

जावई म्हणाले, "आई, तुम्ही असं शिकवायला लागलात तर तो स्वतःच माचिस घेऊन येईल."

जाकिटाचं कापड ठरलं. माझ्याकडे शाळेच्या गणवेशातलं निळं उरलं आहे, चांगलं जाड, आतून मऊ अस्तर लावीन. लेक म्हणाली, "कॉलर कशाला?" मी म्हटलं, मुकादम आहे तो, बिनकॉलरचा बरा दिसेल?

गुरुवार, १३ तारीख

मुकादम पास! आवाज निम्म्याच्या वर नेला आणि हा पठ्ठ्या फोनसमोर जाऊन बसला, पंजा पुढे केला. बार झाला की पंजा, बार झाला की पंजा. नातीने फ्रिजवर कागद लावला आहे, त्यावर रोजच्या चांदण्या काढते. त्याच्या सगळ्या भरल्या.

मी म्हटलं, झालं तर मग, आता आवाज बंद करू या, माझं डोकं उठतं. नात म्हणाली, "नाही आजी, बावीसपर्यंत रोज करायचं."

"अगं, पण त्याला जमलंय."

"हो. पण करायचं."

आणि एक नवीन खूळ. आवाज चालू असताना ती मलाही बिस्किट देते. म्हणे चव बघ, ताजी आहेत का. रोज चव बघायची असते का? पण नारळाची आहेत, मी नाही म्हणत नाही.

पुढच्या खोलीत बसून ऐकते असं मी म्हटलं तर तेही नाही. "तू तिथेच मशीनवर बस. शिवत राहा. त्याला सवय आहे." म्हणून मी शिवत बसते. पायडल चालू ठेवलं की आवाज जरा लांब जातो खरा. त्याच्यासाठी म्हणते मी.

रविवार, १६ तारीख

आज वाक्यं घालते.

नातीने विचारलं, "आजी, तू कारखान्यात असताना कधी मोठा आवाज झाला होता का गं?" मी म्हटलं, कारखान्यात आवाजच असतो, दोनशे मशिनी. मग सांगितलं थोडंसं. मी सतरा वर्षांची होते. इस्त्री विभागाचा बॉयलर फुटला. त्यानंतर आमच्या सुपरवायझरबाईंनी नियम केला, पहिला आवाज झाला की विचार करायचा नाही, सुई कापडात असली तरी सोडायची, उठायचं, दार उघडायचं आणि बाहेर. दर महिन्याला घंटा वाजवून आम्हाला पळवायच्या. मी नेहमी पहिली असायची. बक्षीस म्हणून एकदा कात्री मिळाली, ती अजून आहे, कापड कसं लोण्यासारखं कापते. आताच्या कात्र्यांना ती धार नाही. आताच्या दोऱ्यालाही नाही, पहिल्या टिपेला तुटतो. दुकानदाराला मी सांगितलं तर म्हणतो, "आजी, तुमचा पायच जड झाला." मुकादम माझ्याबरोबर रोज येतो दुकानात, त्याच्यासमोर बोलला असं.

तर बॉयलरचं असं. त्यावर आणखी काही लिहायचं नाही.

मंगळवार, १८ तारीख

जाकीट झालं. चार चिकटपट्ट्या, कॉलर, पाठीवर दुहेरी टीप. घातलं आणि मुकादम तसाच उभा राहिला, पुतळ्यासारखा. मग हळूच खाली बसला. मग घोरायला लागला. लेक ज्याला त्याला फोटो पाठवत होती. तिच्या नणंदेने उत्तर पाठवलं, "आमच्याकडे आला की हे असलं चालणार नाही." लेकीने फोन उलटा ठेवला.

दुपारी खाली रस्त्यावर ट्रकचं टायर फुटलं. केवढा आवाज! समोरच्या दुकानातली माणसं खाली वाकली. मुकादम ताडकन उठला, शेपूट हलवत माझ्यासमोर आला आणि पंजा पुढे. मी तेव्हा दाराशी होते. दुधाची पिशवी आली का बघायला गेले होते.

नात म्हणाली, "दुपारी तीन वाजता?"

या मुलीला वकील करा.

गुरुवार, २० तारीख

आज हसायचं काही नाही.

आमच्या इमारतीच्या खाली इस्त्रीवाला बसतो. पडद्यांची घडी घेऊन गेले तर मुकादमाचं जाकीट बघून खूश झाला. म्हणाला, "यंदा बरं केलंत आजी. मागच्या वर्षी फार हाल झाले बिचाऱ्याचे तुम्हाला शोधताना."

मी म्हटलं, "मला कशाला शोधेल? तो घाबरून पळाला."

तो म्हणाला, "कुठला घाबरून? मी इथेच होतो ना. तुम्ही पुढे, अनवाणी. तो मागे. तुम्ही त्या गर्दीतून दूधकेंद्राच्या पायरीवर गेलात आणि मग मागच्या गल्लीने परत आलात. तो पायरीवर पोचला तेव्हा तुम्ही नव्हतात. पायरी हुंगली, मग पुढे गेला. मी हाक मारली, पण माझ्या हातात तापलेली इस्त्री."

मग तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

तीन तारखेला मी या वहीत कडीचं लिहिलं ते खोटं आहे. खोडत नाही, मापाच्या वहीत खोडायचं नसतं, शेजारी बरोबर लिहायचं असतं. तर बरोबर हे. कडी मी काढली. शिवत बसले होते, पहिला बार झाला, आणि मला कळलं तेव्हा मी रस्त्यावर होते. जिन्यात मागून माझ्या पायांना काहीतरी घासलं होतं, पण परत आल्यावर मुकादम घरात नव्हता तेव्हा मला वाटलं तो घाबरून पळाला. घरी आल्यावर सगळे विचारत होते दार कुणी उघडलं, तर मी म्हटलं मी दुसऱ्या मजल्यावर पडदे द्यायला गेले होते. लेकीने आणखी विचारलं नाही.

आणि तो दोऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर का बसला होता ते मला वर्षभर कळलं नाही. जावई म्हणायचे त्याला रीळ घ्यायचं असेल, मीही हसायचे. अगं, मी रोज जाते ना तिथे. मी जिथे जाते तिथे तिथे तो गेला. दुकान दोन दिवस बंद होतं. तो बसून राहिला उघडायची वाट बघत.

वर्षभर त्याच्यावर आळ, आणि आता नणंदेच्या अंगणात साखळी.

सांगायला हवं. पण मग लेक म्हणेल, आईला एकटीला घरात ठेवायचं कसं? कडीला कुलूप लावेल. अजून डोळ्यांना सुईचं भोक दिसतं मला.

शुक्रवार, २१ तारीख

सांगणार होते. सकाळी लेक घाईत होती. दुपारी ती कामावर. संध्याकाळी आवाज पुरा मोठा लावला, नातीने माझा हात धरला होता, म्हणे तिलाच भीती वाटते. मग जेवणं झाली. जेवल्यावर असलं काही सांगू नये, अन्न पचत नाही.

उद्या.

रविवार, २३ तारीख

काल लिहायला हात मोकळा नव्हता, आता सगळं सांगते.

दुपारी जावयांनी मुकादमाला इतकं फिरवलं की जावईच पलंगावर आडवे झाले. सहाला पडदे ओढले. मुकादमाला जाकीट घातलं, कॉलर नीट केली. मी मशीनवर बसले, उशीचे अभ्रे काढून ठेवले होते शिवायला. तो पायडलला पाठ लावून. नात शेजारी स्टुलावर डबा घेऊन. लेक सोफ्यावर, पेपर वाचत होती, पण पान उलटत नव्हती.

सात वाजतच आले तेव्हा मी ठरवलं, आता सांगायचं. "अगं, मला काहीतरी..." एवढं म्हटलं आणि पहिला बार झाला.

फोनमधला बार आणि हा बार, वाटाणा आणि भोपळा. काचा थरथरल्या.

मला कळलं तेव्हा मी दाराशी होते. टाचा उचललेल्या, हात वरच्या कडीवर. विचार करायचा नाही, दार उघडायचं, बाहेर. मागे अभ्रा सुईत अडकलेला.

कुणी ओरडलं नाही. लेक उठून उभी होती, पण पुढे आली नाही. नातीने तिचा पदर धरून ठेवला होता.

माझ्या पायाला काहीतरी गरम टेकलं. खाली बघितलं. निळं जाकीट, कॉलर. मुकादम माझ्या मागे दारापर्यंत आला होता. थरथरत नव्हता. माझ्याकडे बघत होता, नेहमीसारखा, कामावर लक्ष ठेवल्यासारखा. दुसरा बार झाला. तो खाली बसला आणि त्याने पंजा पुढे केला.

माझ्या हातात बिस्किट नव्हतं. मी कडीवरचा हात काढला आणि त्याचा पंजा धरला. सात टाक्यांची जागा लागते बोटाला.

मी दाराकडेच तोंड करून म्हटलं, "मागच्या वेळी दार मी उघडलं होतं. तो पळाला नव्हता. माझ्या मागे आला होता. त्याला कुठे पाठवू नकोस."

लेक म्हणाली, "माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"दार कुणी उघडलं ते. कडी वर आहे. मुकादमाचा हात पोचतो का तिथे?"

मी वळले. "मग वर्षभर नणंदेकडे पाठवते म्हणून का म्हणत होतीस?"

"पुन्हा बार झाला असता तर तू पुन्हा निघाली असतीस, तो पुन्हा तुझ्या मागे. तुम्हा दोघांतलं कुणीतरी चाकाखाली आलं असतं. मग एकाला तरी लांब पाठवायला हवं होतं," लेक म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती, हे तिला लहानपणापासून जमतं. "आणि तुला काही माझी नणंद ठेवून घेणार नाही."

पलंगावरून जावई म्हणाले, "कुत्र्याला घेईल एक वेळ. कुत्रा टाक्यांना नावं ठेवत नाही."

मग मी मशीनवर येऊन बसले. पाय पायडलवर ठेवले. बार झाला की पाय थांबत होते, मग पुन्हा चालत होते. पाऊण तासात तीन अभ्रे झाले. टिपा वाकड्या आल्या आहेत, उसवून पुन्हा मारीन. मुकादम तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागला, तो शेवटपर्यंत. शेवटी शेवटी तर इतके बार झाले की नातीने डबाच माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हटलं, "अगं, तो झोपलाय, कुणाला देऊ?"

ती म्हणाली, "तू खा. छान केलंस."

मी काय केलं? सगळं त्यानेच केलं. पण खाल्लं. सहा खाल्ली.

आज सकाळी लेकीने नणंदेला फोन केला. मला ऐकू यावं म्हणून दार उघडं ठेवून बोलली. "नाही, आता नाही पाठवणार. नाही, दोघंही इथेच."

जावयांनी दाराला मधल्या उंचीवर दुसरी कडी बसवली. मी म्हटलं, ही कशाला? तर म्हणाले, "वरचीला टाचा उचलता, पडाल. जायचं असेल तर नीट जा, चप्पल घालून, आणि मुकादमाला हाक मारून."

सोमवार, २४ तारीख

नातीने फ्रिजवरचा कागद काढला. त्यावर मुकादमाच्या चांदण्या तेरा तारखेलाच संपल्या होत्या आणि खाली आणखी एक ओळ होती. त्यातल्या सुरुवातीच्या चांदण्या अर्ध्याच होत्या, नंतरच्या पूर्ण. मी विचारलं ही कुणाची, तर म्हणाली, "अशीच." मुलं कागद फार वाया घालवतात.

डॉक्टरीणबाईंना वही दाखवायची आहे, पण वीस तारखेचं पान त्यांना कशाला? मापाच्या वहीतलं पान फाडायचं नसतं. दाखवीन तशीच.

आता सांगायचं तर, आज संध्याकाळी सात वाजता घर फार गप्प होतं. नात अभ्यासाला बसली, फोन बंद. मी शिवत होते. मुकादम येऊन पायडलला पाठ लावून बसला, मग उठला, टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, नाही रे बाबा, संपलं ते. पण मलाही चुकल्यासारखं होत होतं.

स्वयंपाकघरात गेले. मोठं पातेलं घेतलं, आपण तांदूळ धुतो ते, कडांना ठोके पडलेलं. इकडे तिकडे बघितलं आणि दिलं जमिनीवर सोडून.

केवढा आवाज झाला! लेक बाहेरून ओरडली, "आई, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, "माझ्या हातून पडलं."

मुकादम धावत आला होता, पंजा पुढे करून. एक बिस्किट त्याने खाल्लं, एक मी.